सर्जेरावांच्या सांत्वनाला

उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात कुणी हवापालटाला जात नाही. मी गेले, कारण लेकीचं सासर तिथलं, आणि विहीणबाईंनी फोनवर विचारलं, "या की एकदा. का आमच्याकडचं ऊन टोचतंय तुमाला?" हे मला लागलं. मी देवरुखची. तिथल्या शाळेत निवृत्त होईपर्यंत नागरिकशास्त्र शिकवलं. लोकसभा, राज्यसभा, शून्य प्रहर, तारांकित प्रश्न, सगळं तोंडपाठ. खासदार मात्र एकही जवळून पाहिलेला नव्हता. आमच्याकडे ते मोटारीतून हात हलवत जातात आणि तो हात आपल्यालाच हलवला असं समजून आपण घरी येतो.

लेक-जावई पुण्यात नोकरीला. त्यांनी मला एस.टी.त बसवून दिलं, दोन बाटल्या पाणी दिलं आणि "आई, तिकडे जास्त शिकवू नकोस," असंही सांगितलं. जावयासमोर सांगितलं, म्हणून गप्प बसले.

वडवणीकडे

बीडच्या पुढे रस्त्यावर पूल बरेच लागतात. प्रत्येक पुलावर नदीचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं आणि खाली नदी नाही. वाळू होती, पण तीही रोज थोडी थोडी कमी होते असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. ती कुठे जाते हे मी विचारलं, तेव्हा बाईंनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

वडवणीच्या स्टँडवर गोदाबाई उभ्या होत्या. उंच, सरळ, डोक्यावर पदर, हातात माझ्यासाठी आणलेली छत्री. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून कोरडवाहू शेत एकट्या बघतात. जीपमध्ये त्यांनी मला पुढे बसवलं आणि ड्रायव्हरला दम दिला, "इनबाई हायत माझ्या. दणके कमी मार." तिकडे विहिणीला इनबाई म्हणतात. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. खासदारांचंही देणार नाही. का, ते पुढे कळेलच.

घरी पोचल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. मी दोन घोट प्यायले, आणि आमच्याकडच्या सवयीने उरलेलं अंगणात भिरकावलं. अंगणात बसलेल्या दोन बायका एकदम बोलायच्या थांबल्या. पाणी जमिनीवर पडलं तसं नाहीसं झालं, डागही राहिला नाही. त्यानंतर गोदाबाईंकडून मला पाणी नेहमी पेल्यातून मिळालं, तेही अर्धा पेला.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराच्या मसाल्याची झणझणीत आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. मी देवरुखहून कोकमं नेली होती. गोदाबाईंनी एक तोंडात टाकलं, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाल्या, "लई चांगलं हाय. पर हे खाल्ल्यावर पाणी लागतं, न्हाई का?" कोकमांचा डबा तिथेच बंद झाला.

जेवण झाल्यावर त्यांनी मला गोठ्यात नेलं. दोन पांढरे बैल. उजवीकडचा सर्जा, डावीकडचा राजा. गोदाबाई सर्जाच्या मानेखाली खाजवत होत्या आणि तो डोळे अर्धे मिटून उभा होता. त्याच्या फासळ्या मला लांबूनही मोजता आल्या असत्या. मागे कडब्याची गंजी होती, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचा ढीग. एके काळी ती घराएवढी असायची म्हणे, आता कमरेएवढी उरली होती.

"दोघांला पुरत न्हाई," गोदाबाई म्हणाल्या. "गावात छावणी झाली तर जोडी वाचती. न्हाई झाली तर ह्या बाजारात एकाला काढावं लागतंय."

सरकारी पैशाने, एखाद्या संस्थेमार्फत, दुष्काळात जनावरांना जिथे चारा देतात, ती छावणी. जवळची छावणी इतकी लांब होती की तिथवर जाताना या बैलांनी वाटेतच बसकण मारली असती. गावात संस्था होती. सहकारी दूध संस्था. तिला दोन वर्षं दूध मिळालं नव्हतं, पण चेअरमन होते, लिंबाजीराव. अर्ज दिलेला होता. आता वरून कुणीतरी सांगायला हवं होतं.

"मग आमदारांना भेटू," मी म्हणाले. "दुष्काळनिवारण हा राज्याचा विषय आहे."

"आमदाराकडं गेलतो. ते म्हनले खासदाराकडं जा."

"का पण?"

"कावून म्हंजे? त्यांचं आपसात पटत न्हाई."

या कारणाचा घटनेत उल्लेख नाही.

माजलगाव

दुसऱ्या दिवशी आम्ही माजलगावला गेलो. खासदारांचं संपर्क कार्यालय तिथे. तास-दीड तासाच्या अंतरात मुलूखच बदलला. सिंदफणेवरचं धरण, कालवे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस. उसानं भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले, मागे दोन-दोन ट्रॉल्या. गोदाबाई बसमधून उसाकडे पाहत होत्या. मला वाटलं, हिरवं पाहून त्यांना बरं वाटत असेल. त्या म्हणाल्या, "ह्याचं निस्तं वाढं मिळालं तरी माझी जोडी तगती." वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा.

कार्यालयात स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण बसला होता. खासदारांचा पीए. दोन फोन, दोन्ही कानांना लावलेले. आधी चहा आला. आमच्याकडे सरकारी किंवा राजकीय कचेरीत चहा मिळणं म्हणजे काम होणार नाही असं समजावं. इथेही चहा फार उत्तम होता.

"साहेब न्हाईत," पीए म्हणाला. "तीन ठिकाणी मयत झालीय, सांत्वनाला गेल्यात. सांच्याला एक साखरपुडा हाय. उद्या दोन लग्नं, मग परत एक दहावा."

"अधिवेशन चालू आहे ना?" मी विचारलं. "दिल्लीला कधी जातात?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्याला साहेबांच्या खासगी गोष्टी विचारत होते. "जात्यात की. मधी सवड घावली म्हंजे."

मी त्याला समजावून सांगितलं की लोकप्रतिनिधीचं मुख्य काम कायदे करणं, सरकारला प्रश्न विचारणं हे आहे. तो मान डोलावत होता. माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची मुलं अशीच मान डोलवायची. शेवटी त्याने गोदाबाईंचा नंबर घेतला, "साहेबांच्या कानावर घालतो," म्हणाला, आणि तोवर दोन्ही फोन पुन्हा वाजले.

बाहेर येऊन गोदाबाई शांतपणे म्हणाल्या, "लग्नात अन् मयतात साहेब हमखास गावतो, इनबाई. मधल्या टायमाला गावत न्हाई."

"पण हे चूक आहे."

"चूक कावून? आमचे मालक गेले तवा आल्ता. खाली घोंगड्यावर बसला. त्यो काय कायदा करतो ते मला काय म्हाईत? मयताला आला का न्हाई, तेवढं मला दिसतं."

परतीच्या बसमध्ये मी यावर बराच विचार केला. आमच्याकडे आम्ही पुढाऱ्याला फार नावं ठेवतो आणि मग मतदानाच्या दिवशी आंब्याच्या कामात असतो. त्यापेक्षा हे काय वाईट, असं मनात आलं आणि ते मी बोलून दाखवलं नाही.

वडवणीचा बाजार

फोन आला नाही. बाजाराचा दिवस आला.

जनावरांच्या बाजारात मी पहिल्यांदाच गेले. आमच्याकडे मासळीचा भाव ओरडून ठरतो, सगळ्या गावाला ऐकू जातो. इथे दोघांच्या हातांवर रुमाल पडतो आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. तोंडं गप्प. एका व्यापाऱ्याने सर्जाचे दात पाहिले, खांदा चाचपला, रुमाल टाकला. गोदाबाईंचा चेहरा जराही हलला नाही. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि सर्जाचं दावं सोडून आपल्याकडे घेतलं. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत म्हणे. व्यापाऱ्याने आपली दोरी बांधली.

सर्जा निमूट गेला. घरी आल्यावर राजा रिकाम्या बाजूला तोंड करून हंबरत होता. गोदाबाईंनी त्याला थोडा जास्त कडबा टाकला आणि चूल पेटवायला गेल्या. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. मी तशीच जेवले. मला फार वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता, तो नक्की कुणाचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पीएचा फोन आला. गोदाबाई फोन कानापासून हातभर लांब धरून बोलतात, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"आजी, त्या दिशी आल्ता ना तुमी? काय काम व्हतं?"

"आता काय उपेग बाबा. सर्जा गेला आमचा."

पीएचा आवाज एकदम मऊ झाला. "अरारारा. कवा गेले?"

"काल. बाजाराच्या दिशी."

"कशानं वो?"

"पोटाला न्हवतं म्हणून गेला. दुसरं काय?"

"लई वाईट झालं. उद्या साहेबांना घिऊन येतो. कुटं जाऊ नका."

गोदाबाईंनी फोन ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. "बघा, माणुसकी हाय का न्हाई? बैल गेला तरी साहेब भेटाया येतोय."

मला मात्र एक शब्द खटकला होता. "गेले." पीए "गेले" म्हणाला होता. इकडे बैलालाही अहोजाहो करतात की काय, असं वाटून मी गप्प राहिले. नव्या मुलखात प्रत्येक गोष्टीला शंका काढू नये.

सांत्वन

सकाळी तीन पांढऱ्या गाड्या आल्या. गाव आधीच जमलं होतं, लिंबाजीराव धुतलेला फेटा बांधून पुढे. खासदार उतरले, दारात चपला काढल्या, कुणाशी न बोलता घोंगड्यावर मांडी घालून बसले आणि मान खाली घातली. फार सवयीचं बसणं होतं ते. मग त्यांनी हात जोडले.

"माउली, घरचा कर्ता आधार गेला."

"व्हय," गोदाबाई म्हणाल्या. "सगळं घर त्याच्या खांद्यावर व्हतं."

"मी सर्जेरावांना भेटलो असंन. चेहरा डोळ्यासमोर येतोय."

पीएचं ते "गेले" मला आत्ता उलगडलं. मी गोदाबाईंकडे पाहिलं. त्यांच्याही डोक्यात नुकताच प्रकाश पडला होता. त्यांनी पदर तोंडावर ओढला. खांदे हलू लागले. खासदारांना वाटलं रडतायत, आणि त्या खरंच रडत होत्या. रडता रडता त्यांना हसू येत होतं की हसता हसता रडू, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता गावाची पाळी होती. मला वाटलं कुणीतरी घसा खाकरून खरं सांगेल. लिंबाजीरावांनी घसा खाकरला.

"साहेब, असा कष्टाळू गावात झाला न्हाई. पहाटं जो शेतात जायचा तो दिस मावळंस्तवर."

"कधी कुणाला उलट शब्द बोलला न्हाई," मागून एकजण.

"व्यसन?" खासदारांनी हळू विचारलं.

"छ्या. पाण्याबिगर कशाला तोंड लावलं न्हाई."

"पोळ्याला तेवढा नटायचा," एक म्हातारी म्हणाली. लिंबाजीरावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण खासदार मान डोलावत होते.

"आजार काय होता?"

"आजार न्हाई," गोदाबाईंनी पदर बाजूला केला. आता त्या हसत नव्हत्या. "अर्धपोटी व्हता साहेब, कितीतरी दिस. माझ्याच्यानं बघवंना. घरात व्हतं ते मी दोघांत वाटत व्हते. पुरलं न्हाई. म्हणून गेला."

खासदारांनी पहिल्यांदाच मान वर केली. ते विरोधी पक्षाचे. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं तिथेच होतं, पण डोळ्यांत दुसरं काहीतरी जागं झालं. "म्हणजे भूकबळी?" ते पीएकडे वळून म्हणाले. "आपल्या जिल्ह्यात? सरकार काय झोपलंय?"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की लोकशाही खऱ्या माहितीवर चालते. मला राहवलं नाही. "साहेब, एक सांगायचं होतं. सर्जेराव म्हणजे—"

"ह्या माझ्या इनबाई," गोदाबाई मध्येच म्हणाल्या. "कोकणातल्या हायत. त्यांच्याकडं पाऊस पडतो."

"अच्छा, अच्छा," खासदार म्हणाले, आणि सगळ्या गावाने माझ्याकडे दयेने पाहिलं. माझं वाक्य तिथेच राहिलं.

"माउली, हा प्रश्न मी दिल्लीत मांडतो," खासदार छातीवर हात ठेवून म्हणाले.

"दिल्लीत मांडा साहेब. पर आदी हितं छावणी मांडा."

त्यांनी तिथल्या तिथे जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी साहेबाला फोन लावला. आवाज अंगणभर घुमला. भूकबळी, मोर्चा, वर्तमानपत्रं, सभागृह. पलीकडचा माणूस बहुधा "हो" याखेरीज काही बोलत नव्हता. फोन ठेवून खासदार म्हणाले, "परवापासून तुमच्या दूध संस्थेला छावणी." लिंबाजीरावांनी फेटा सावरला. गाड्या पुढच्या मयताकडे निघून गेल्या.

मी गोदाबाईंना गाठलं. "तुम्ही खोटं बोललात."

"कवा? एक तरी शब्द खोटा दावा."

मी उत्तरपत्रिका तपासावी तसं त्यांचं एकेक वाक्य आठवून पाहिलं. खांद्यावर घर, अर्धपोटी, दोघांत वाटत होते, पुरलं नाही, गेला. कुठेही मार्क कापता येईना. मग मीच हसायला लागले आणि मला हसताना पाहून त्याही.

तलाठी भूकबळीच्या चौकशीला आला तेव्हा गोदाबाईंनी त्याला सरळ सांगितलं, सर्जा म्हणजे बैल, बाजारात विकला. तो बिचारा घामाघूम झाला. छावणीत ऊस येऊन पडला होता, जनावरं बांधली गेली होती, वरच्या साहेबाने पाहणीही केली होती. शेवटी त्याने एवढंच कळवलं, की सदर इसम गावात राहत नाही. तेही खरंच होतं.

पुढं

छावणी लागली त्या दिवशी राजाने उसाच्या कांड्या कडाकड फोडल्या. गोदाबाई थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "चला, सर्जाला आणू." चारा आता दोघांना होता. ज्या कारणासाठी तो गेला ते कारण सरलं होतं, आणि ते त्याच्याच जाण्याने सरलं होतं. एक बाजार आधी हे झालं असतं तर तो गेलाच नसता.

व्यापारी माजलगावजवळचा. आम्ही त्याचं घर शोधून काढलं. दारात चार बैल बांधलेले. गोदाबाई प्रत्येकासमोर उभ्या राहिल्या, जो सर्जा नाही हे लांबूनच दिसत होतं त्याच्यासमोरसुद्धा.

"तो व्हय?" व्यापारी म्हणाला. "त्यो पुढं दिला."

"पुढं म्हंजे कुटं?"

"पुढं वो आज्जी. दुसऱ्या बाजारात दिला."

"घेणाऱ्याचं गाव कोन्तं?"

"गाव कोन इचारतंय? पुढं गेला म्हंजे गेला."

माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला सावलीत बसवलं, भरलेला तांब्या दिला. मी पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. गोदाबाईंनी हात लावला नाही. आम्ही आणखी एका बाजारात जाऊन पाहिलं. तिथेही पांढरे बैल बरेच होते, आणि त्यांतला प्रत्येक वळून पाहील असं मला उगाचच वाटत होतं. तिथून परतताना गोदाबाईंनी जीपमध्ये माझा हात धरला, तो गाव येईपर्यंत सोडला नाही.

चार दिवसांचा मुक्काम लांबला होता. निघायच्या आदल्या दिवशी लिंबाजीरावांचा निरोप आला, साहेब टीव्हीवर येणार आहेत. दूध संस्थेच्या खोलीत सगळे जमले. दूध मोजायच्या टेबलावर टीव्ही ठेवला होता. शून्य प्रहर चालू होता. शून्य प्रहर म्हणजे किती वाजता, हा प्रश्न मला दर वर्षी एक तरी विद्यार्थी विचारायचा. त्या दिवशी तो मी डोळ्यांनी पाहिला.

आमचे खासदार उभे राहिले. मराठीत बोलले, आणि खरं सांगते, फार छान बोलले. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातला सर्जेराव नावाचा एक कष्टकरी. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबला. आयुष्यात कुणाला उलट शब्द बोलला नाही. पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. त्याच्या खांद्यावर अख्खं घर होतं. तो अर्धपोटी गेला, महोदय. अर्धपोटी!" बाकं वाजली. समोरून आरडाओरडा झाला. अध्यक्षांनी शांत राहायला सांगितलं. संस्थेच्या खोलीत टाळ्या पडल्या, लिंबाजीरावांनी डोळे पुसले. एकही माणूस हसला नाही. मीही नाही. बोललेलं सगळं खरं होतं आणि ज्याच्याविषयी होतं त्याला ते शोभत होतं.

माझ्यातली मास्तरीण अशा वेळी गप्प बसत नाही. मी गोदाबाईंना म्हणाले, "सभागृहात बोललेलं सगळं नोंदलं जातं. कायम राहतं. आता देश आहे तोवर सर्जाचं नाव तिथे आहे."

गोदाबाई टीव्हीकडेच पाहत होत्या. पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्याचे खासदार दुसरंच काही बोलत होते.

"दिल्लीपतुर गेला म्हणा की," त्या म्हणाल्या. "निस्ता घराकडंच यायचा ऱ्हायला."